लाल त्याचं, काळं तिचं

सकाळी दहाच्या सुमाराला लमाय टेबलाच्या एका टोकाला येऊन बसायची आणि तिचा नवरा थवीन दुसऱ्या टोकाला. दोघांच्या येण्यात थोडा वेळ जाऊ द्यायचा असं ठरलेलं होतं. बसताना एकमेकांकडं बघायचं नाही हेही ठरलेलं होतं. चाळीस वर्षांचा संसार, एक मुलगा जन्माला घातला, वाढवला आणि डोळ्यांदेखत चितेवर जाळला, आणि आता कंबोडियातल्या पोइपेतच्या कॅसिनोत ही दोघं अशी बसायची, की जणू बसमधे शेजारी बसण्याचाही कधी प्रसंग आला नव्हता.

ही अक्कल थवीनची. अक्कल होती हे नाकारता येत नाही, आणि तेच वाईट. मूर्ख माणूस एका दिवसात बुडतो, मोकळा होतो. शहाण्याला बुडायला वेळ लागतो.

सीमेच्या अलीकडं, थायलंडातल्या अरण्यप्रथेतमधे, एका भातगिरणीच्या काट्यावर थवीननं सगळी हयात काढली होती. शेतकऱ्यांची पोती चढवायची, वजन पुकारायचं. त्याच्या काट्यावर कुणी बोट ठेवलं नाही, ना मालकानं, ना शेतकऱ्यानं. मग गिरणी बंद पडली. मालकानं काही रक्कम हातावर ठेवली आणि गिरणीच्या आवारातली खोली रिकामी करून घेतली. दोघं थवीनच्या बहिणीकडं राहायला गेली. बहीण वाईट नव्हती, पण दुसऱ्याच्या घरात भांडंसुद्धा जपून घासावं लागतं. मुलाच्या, अनानच्या, अस्थींचं मडकं तिथंच टीव्हीच्या वरच्या फळीवर पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवलेलं होतं. बहिणीची नातवंडं रोज त्याच्याखाली बसून हाणामारीचे सिनेमे बघत. लमायला ते बघवत नसे.

गावच्या विहाराच्या भिंतीत अस्थी ठेवायचे कोनाडे होते. थवीनच्या आईचा कोनाडा तिथंच होता, आणि त्याच्या शेजारचा एक रिकामा होता. मोठे भिक्खू म्हणाले होते, "सोंगक्रानपर्यंत ठेवतो तुमच्यासाठी. नवीन वर्षाचं पाणी पडलं, की मग मागेल त्याला देईन." गिरणीच्या पैशातून कोनाडा घ्यायचा आणि सोंगक्रानला दोघांनी मिळून पोरावर सुवासिक पाणी घालायचं, एवढंच लमायचं आयुष्यात राहिलं होतं. तिला दुसरं काही नकोच होतं.

आणि त्याच सुमाराला भाच्यानं दोघांना हवापालट म्हणून व्हॅननं नाक्यापलीकडं नेलं. भाचा हरला आणि रडत परतला. थवीन एक पैसाही खेळला नाही, नुसता उभा राहून बघत होता. बाहेर आल्यावर त्यानं लमायला कॅसिनोच्या दारातल्या, जागेची राखण करणाऱ्या देवाच्या, म्हणजे जागेवाल्याच्या, छोट्या देवळापाशी बसवलं. थायलंडातून येणारा प्रत्येक जण आत शिरण्याआधी या जागेवाल्याला लाल सोड्याची बाटली वाहतो, नळी घालून, टोपण काढून. देवाला टोपण उघडता येत नाही ना. तिथल्या दोन टोपणांवर थवीननं तिला सगळं समजावलं.

"हे बघ, म्हातारे. चाकाला सदतीस घरं. अठरा लाल, अठरा काळी."

"अठरा दुणे छत्तीस," लमाय म्हणाली. "सदतिसावं कुठलं?"

"ते हिरवं. शून्याचं. त्याचं मग सांगतो."

"ते आधी सांग."

"थांब गं जरा! तर आकड्यावर पैसे लावणारे येडे वेगळे. आपण आकड्याला हात लावायचा नाही. आकड्यांच्या बाहेर एक पट्टी असते, तिथं एक लाल चौकट आणि एक काळी चौकट. तू लालवर शंभर बाट ठेवलेस आणि गोळी कुठल्याही लाल घरात पडली, की तुझे शंभर तुला परत, वर शंभर आणखी. काळ्यात पडली तर तुझे शंभर गेले. एकाला एक."

"म्हणजे निम्मं-निम्मं."

"सगळ्यांना तसंच वाटतं. ते हिरवं घर नसतं तर तसंच असतं. पण लाल अठरा आणि लाल नसलेली एकोणीस. लावत बसलीस तर एकोणीस वेळा जाणार तेव्हा अठरा वेळा येणार. तो जो एकाचा फरक आहे ना, त्याच्यावर ही सगळी इमारत उभी आहे. झुंबरासकट."

"मग आपण कशाला जायचं त्यांच्या झुंबराला तेल घालायला?"

थवीननं दोन्ही टोपणं दोन हातांत घेतली आणि तराजूसारखी धरली. "मी लाल, तू काळं. दोघांनी सारखंच लावायचं. माझं गेलं ते तुझ्याकडं आलं, तुझं गेलं ते माझ्याकडं. काटा जागचा हलत नाही. आणि हे लोक काय मोजतात माहितीये? तू जिंकलीस का हरलीस ते नाही. तू किती खेळलीस ते. पुरेसं खेळलं की वर खोली फुकट, खाली जेवण फुकट. गार हवा, नळाला गरम पाणी. ताईच्या घरात भांडी जपून घासायला नकोत."

"आणि हिरवं आलं की?"

"दोघांचंही गेलं. ते भाडं समज."

"नवरा-बायको दोन्ही बाजू झाकून खेळतात हे चालतं त्यांना?"

"नाही चालत. म्हणून तर आपण अनोळखी. मी तुझ्याकडं बघितलं तर तू मला खांब समजायचं."

"खांबच आहेस," लमाय म्हणाली. "आणि कोनाड्याचे पैसे? ते गिरणीच्या पैशाच्या पिशवीतच आहेत, म्हाताऱ्या. त्याला हात लावायचा नाही."

"हात कुठं लावतोय? ह्या पल्ल्यातून त्या पल्ल्यात, एवढंच. सोंगक्रानच्या आधी उठू."

तिला पटलं. पटायलाच हवं होतं, कारण त्यात खोट नव्हती. तिनं जागेवाल्याला लाल सोडा वाहिला आणि पावसाळा संपता संपता दोघं दोन वेगळ्या व्हॅनमधून पोइपेतला आली.

पहिले दिवस खरं तर मजेचे गेले. अनोळखी म्हटल्यावर खोल्याही वेगळ्या, त्याची चौथ्या मजल्यावर, तिची सहाव्या. टेबलावर समोरासमोर बसून थवीनला हसू आवरायचं नाही, आणि हसू दाबायचं म्हणून तो बोटानं नाक चोळायचा. चाळीस वर्षांत तो जेव्हा जेव्हा तिच्याशी खोटं बोलला होता तेव्हा असंच नाक चोळत बोलला होता, त्यामुळे ते दिसलं, की हे परकेपण खोटंच आहे असं वाटून लमायचा ऊर भरून यायचा. दुपारी जेवण झालं, की दोघं जागेवाल्याच्या देवळामागं भेटायची. एकानं जिंकलेली टोकनं दुसऱ्याला द्यायची, पुन्हा सारखी करायची. बाजारातून ती कच्च्या पपईची तिखटजाळ कोशिंबीर आणायची, कारण फुकटच्या जेवणात मिरची नसे.

"लग्नाआधी असेच चोरून भेटायचो," ती म्हणायची.

"तेव्हा तू एवढं खात नव्हतीस."

"तेव्हा तू खायला घालत नव्हतास."

टेबलावर चाक फिरवायला मोलिका नावाची इथलीच ख्मेर मुलगी असे. इथल्या लोकांना स्वतः खेळायला कायद्यानं बंदी. चाक फिरवायचं त्यांनी, हरायचं थाय लोकांनी. मोलिका गोड थाय बोलायची आणि लमायला मावशी म्हणायची. "मावशी, आज पुन्हा काळंच का?" असं विचारायची आणि उत्तराची वाट न बघता गोळी सोडायची. गोळी वरच्या कडेनं भणाणत जायची, मग तिचा जीव कमी व्हायचा, घरांच्या कडांवर दोन-चार उड्या मारून ती कुठंतरी बसायची. लाल आलं तर लमायची टोकनं जायची, काळं आलं तर थवीनची. कधीमधी हिरवं यायचं आणि मोलिकाचा हात दोन्हीकडची टोकनं एकाच सपाट्यात लोटून न्यायचा. तेवढ्यापुरतं दोघांचं तोंड सारखंच उतरायचं.

हिशोब बरोबर होता. चुकलं ते हे, की थवीननं काट्यावर पैसे ठेवले आणि माणूस ठेवायला विसरला.

पिशवी एक असली तरी हरणारा हात एक नसतो. त्या हिवाळ्यात काळं फार आलं. का आलं याला काही कारण नाही, कधी लाल येतं, कधी काळं येतं. थवीननंच तिला सुरुवातीला सांगितलं होतं, की भिंतीवरच्या फळ्यावर मागचे आकडे लावून ठेवतात ते येड्यांना नादी लावायला, चाकाला कुठली आठवण! पण खेळणाऱ्यांना तेवढीच आठवण असते. लमायच्या टोकाला गर्दी व्हायला लागली. ती काळ्यावर ठेवी तसे तिच्यामागून चार हात काळ्यावर पडत. तिला 'काळ्यावाली मावशी' असं नाव पडलं. बांगकॉकची एक सोनारीण होती, जे-हुई, दोन्ही मनगटांत सोन्याच्या जाड साखळ्या घालून यायची. ती तर लमायच्या खांद्याला खांदा लावूनच बसे, नशीब चिकटतं म्हणून.

आणि थवीनच्या टोकाला कुणी बसेना.

"काका," जे-हुई एकदा सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्ही कुठं लावणार ते आधी सांगत जा हो. म्हणजे आम्हाला दुसरीकडं लावता येईल."

टेबल हसलं. लमायलाही हसावं लागलं, अनोळखी होती ना ती. थवीननंही दात दाखवले. त्या दिवशी त्यानं नाक चोळलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

दुपारी देवळामागं तिनं त्याच्या ओंजळीत टोकनं ओतली तर तो म्हणाला, "आणलीस भीक?"

"डोकं फिरलं का तुझं? तुझीच आहेत ही."

"माझी कशी? मी तर हरलो. सगळ्यांनी बघितलं."

"अरे, तुझ्यातलीच माझ्याकडं आली! तूच तर सांगितलंस, काटा हलत नाही."

"काटा नाही हलत," तो म्हणाला. "पण खालचा पल्ला कायम माझाच. गिरणीत कुणी माझ्या तोंडावर हसलं होतं कधी?"

लमायनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यानं तो झटकला नाही, पण त्याची पाठ मऊही झाली नाही. तिला वाटलं, जाईल हे. पोर गेल्यावरही तो असाच आठ-दहा दिवस पाठ ताठ करून बसला होता, मग एका सकाळी भात मागितला होता. पण इथं रोज सकाळी तो पुन्हा त्याच टोकाला बसत होता आणि पुन्हा हरत होता. रंग बदलू या, असं ती म्हणाली. तू काळं घे, मी लाल घेते. तो म्हणाला, "म्हणजे बायकोच्या दयेवर जिंकू?" सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, दुसरं काय.

तिकडं हिरवं घर आपलं काम करत होतं. ते कधी ओरडून घेत नाही. आज एकदा, उद्या दोनदा, मधे दोन दिवस नाही, मग एका सकाळीच तीनदा. अंघोळीच्या साबणासारखी पिशवी झिजत होती. हातात असतो तोवर साबण झिजलेला कळत नाही, आणि एक दिवस बोटाला बोट लागतं. थवीन म्हणत होता ते बरोबरच होतं, ते भाडं होतं, आणि खोली-जेवण पाहता फार महागही नव्हतं. फक्त ते भाडं कुणाच्या मिळकतीतून जात नव्हतं, अनानच्या कोनाड्यातून जात होतं.

सोंगक्रान जवळ आला. नाक्यावर प्लॅस्टिकच्या पिचकाऱ्या विकायला लागल्या. लमायनं सहाव्या मजल्यावर पलंगावर पिशवी उलटी करून पाहिली. कोनाडा होत होता. त्यावर जेमतेम थोडं उरत होतं.

"उद्या सकाळच्या व्हॅननं जायचं," तिनं त्याला देवळामागं सांगितलं. "एकाच व्हॅननं. शेजारी बसून. मला आता खांबाशी लग्न लावून कंटाळा आला."

थवीननं हातातली टोकनं खिशात टाकली. मग म्हणाला, "बरं." आणि इतक्या दिवसांनी तिच्या हातातला पपईचा घास त्यानं स्वतःहून तोंडात घेतला. लमायला इतकं हलकं वाटलं, की तिनं जागेवाल्याला एक नाही, दोन बाटल्या वाहिल्या.

"आत्ता थोडं बसू या," तो म्हणाला. "खोली आजची आहे. त्यांना आपला आजचा खेळ मोजून घेऊ दे, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवणार नाही."

हेही बरोबरच होतं. त्याचं सगळंच बरोबर असायचं.

दुपारी टेबल भरलेलं होतं. फळ्यावर वरपासून खालपर्यंत काळं, काळं, काळं, मधे एखादं लाल. लमायनं नेहमीसारखी थोडी टोकनं काळ्यावर ठेवली. जे-हुईनं ठेवली, आणखी तिघांनी ठेवली. मोलिकानं गोळी सोडली. आणि थवीन आपल्या टोकावरून उठला, टेबलाला वळसा घालून आला, आणि पुढ्यातली होती नव्हती ती सगळी टोकनं त्यानं दोन्ही हातांनी काळ्यावर, लमायच्या टोकनांना लागून ठेवली.

गोळी अजून वरच्या कडेलाच होती. मोलिकानं हात फिरवून 'बस' म्हणेपर्यंत लमायला वेळ होता. आपल्या पुढ्यातलं उचलून लालवर ठेवलं असतं, तर काटा पुन्हा सरळ. तिला ते कळत होतं. पण सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्या टेबलावर त्याचा शर्ट तिच्या दंडाला लागला होता, त्याला तोच गिरणीतल्या भुशासारखा वास येत होता, आणि दोघांचं माप एकाच पल्ल्यात पडलं होतं. खोटं कशाला बोला, लमायला आनंद झाला. तिनं हात हलवला नाही.

"सव्वीस," मोलिका म्हणाली. "काळं."

"म्हातारे!" थवीन ओरडला. "बघितलंस? म्हातारे, बघितलंस का!" आणि त्यानं सगळ्यांसमोर तिचे दोन्ही खांदे धरून हलवले.

सगळ्या टेबलानं माना वळवल्या. मग जे-हुई म्हणाली, "अगंबाई! हे नवरा-बायको!" आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. देखरेख करणारा हेंग नावाचा माणूस मागून आला. तो मवाळ होता, हात जोडूनच बोलायचा.

"काका, या तुमच्या कोण?"

"बायको माझी," थवीन छाती काढून म्हणाला. "चाळीस वर्षांची."

"मग काका, खोल्या आजपासून बंद. रागावू नका, नियम आहे."

"घेऊन जा तुझ्या खोल्या," थवीन म्हणाला. तो इतका खूश होता, की हेंगच्या खिशात त्यानं एक टोकन सरकवलं.

लमायनं त्याची बाही धरली. "चल. आत्ताच जाऊ. कोनाडा होऊन वर किती उरतंय बघ."

"कोनाडा?" थवीन म्हणाला. "कोनाड्यात कशाला कोंबायचा पोराला? विहाराबाहेर आपला स्वतःचा स्तूप बांधू. वर घंटा लावू. एकदाच, म्हातारे. फळा बघ की! काळं सुटलंय."

"चाकाला आठवण नसते. तूच सांगितलंस."

"आज मी तुझ्या बाजूला आहे ना," तो म्हणाला. त्याचे डोळे असे चमकत होते, की तिला त्याच्याकडं बघवेना. त्यानं जिंकलेला सगळा ढीग पुन्हा काळ्यावर लोटला. जे-हुईनं त्यावर आपला ढीग लावला. मोलिकानं लमायकडं एक क्षण बघितलं आणि गोळी सोडली.

लमायच्या पुढ्यात आज सकाळपासून जिंकलेलं होतं आणि पिशवीतलं होतं. तिनं थवीनच्या ढिगाची उंची नजरेनं मापली, तेवढीच टोकनं रचली, आणि लालवर ठेवली. ती चिडून ठेवत नव्हती, त्याला धडाही शिकवत नव्हती. तो पडेल तिथं खाली हात धरायचा, एवढंच ती करत होती. हिरवं आलं नाही तर पोराचा कोनाडा जागच्या जागी राहणार होता.

"ते उचल," थवीन म्हणाला.

"तू उचल. मग मी उचलते."

"सगळ्यांसमोर?" त्याचा आवाज चिरका झाला. "एकदा मी तुझ्या बाजूला आलो, तर तू तिकडं पळालीस?"

"मी कुठं पळाले? काटा धरतीये, म्हाताऱ्या. तुझाच काटा."

"बघा बाई," जे-हुई म्हणाली, "घरचीच खात्री देत नाही काकांची!" आणि तिनं आपला ढीग काळ्यावरून उचलून लालवर ठेवला. तिच्यामागोमाग आणखी हात आले. बघता बघता काळ्या चौकटीत एकट्या थवीनचा ढीग उरला. मोलिकानं हात फिरवला आणि डाव बंद केला.

"एकोणीस," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज जरा खाली होता. "लाल."

टेबलावर जल्लोष झाला. कुणीतरी लमायचा हात घेऊन कपाळाला लावला. मोलिकानं काळ्यावरचा ढीग ओढून नेला आणि तेवढाच ढीग लमायपुढं सरकवला. लमाय तो भराभर पिशवीत भरत बोलत होती, "काही गेलं नाही. बघ, काहीसुद्धा गेलं नाही. सगळं हे इथंच आहे, मोजून घे. ऊठ आता. चल घरी."

थवीन लाल चौकटीकडं बघत होता. सहा महिने तो तिथं बसला होता.

"लाल माझं होतं," तो म्हणाला.

"हो रे, तुझंच. ऊठ."

"माझा वाटा दे."

"घरी देते."

"इथं दे."

लमायनं पिशवी पोटाशी धरली. दिला असता, तर तो दुपार संपेपर्यंत टिकला नसता आणि त्याच्याबरोबर कोनाडाही गेला असता. नाही दिला, तर हे असं होतं. देण्यासारखं आणि न देण्यासारखं असं एकच काहीतरी तिच्या हातात होतं. तिनं मान हलवली. थवीननं मान फिरवली.

ती जागेवाल्याच्या देवळापाशी जाऊन बसली. सोड्याच्या बाटल्यांवर मुंग्या चढल्या होत्या. व्हॅनवाला दोनदा हाक मारून गेला. नाक्यावरच्या रांगेत ती आपल्या मागच्या माणसाला पुढं जाऊ देत राहिली, मग त्याच्या मागच्याला, पण थवीन आला नाही. नाका बंद व्हायच्या आधी तिनं शिक्का मारून घेतला.

सोंगक्रानला कोनाडा झाला. गवंड्यानं सिमेंट लावलं, भिक्खूंनी मंत्र म्हटले, लमायनं पोराच्या नावावर मोगऱ्याचं पाणी घातलं. एकटीनं घातलं. नणंदेनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना बरं नाही." एवढा खटाटोप ज्याच्यासाठी केला ते झालं, आणि तिला त्यात तीळभर समाधान मिळालं नाही. कोनाड्याच्या फरशीवर गवंड्यानं रीतीप्रमाणे आई-बापाच्या नावांना जागा सोडली होती, तिकडं तिची नजर जात राहिली.

पाऊस सुरू झाल्यावर ती पुन्हा व्हॅनमधे बसली. त्याचे दोन धुतलेले शर्ट घेतले आणि घरच्या आंबवलेल्या मासळीची बरणी घेतली, दोन पिशव्यांत गुंडाळून, व्हॅनमधले लोक वासानं ओरडू नयेत म्हणून. भाच्यानं तिला आधीच सांगितलं होतं. म्हातारा कॅसिनोतच असतो. खेळत नाही, खेळायला काही नाही त्याच्याकडं. खुर्च्यांच्या मागं उभा असतो. जे-हुई आली, की तिला पाणी आणून देतो, आणि ती विचारते, "काका, लाल का काळं?" तो जे सांगतो त्याच्या उलट ती लावते. जिंकली तर त्याला जेवायला घालते. चाकाला यातलं काही ठाऊक नसतं. उलट लावा नाहीतर सुलट लावा, अठरा घरं आपली आणि एकोणीस त्यांची. पण जे-हुईचा विश्वास बसलाय आणि म्हाताऱ्याला भात मिळतोय.

जागेवाल्याला तिनं बाटली वाहिली. काय मागायचं ते सुचेना, म्हणून काही मागितलं नाही.

तो तिथंच होता. हडकला होता. जे-हुईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, आणि लमाय दोन हातांवर जाऊन उभी राहिली तरी चाकाकडंच बघत होता.

"म्हाताऱ्या," ती हळू म्हणाली. "मासळी आणलीय."

थवीननं वळून तिच्याकडं बघितलं. अगदी शांतपणे बघितलं, सहा महिने टेबलापलीकडून बघायचा तसं, खांबाकडं बघतात तसं. लमाय त्याच्या उजव्या हाताकडं बघत होती. आता तो हात वर जाईल, बोट नाकाला लागेल, आणि मग बाकीचं सगळं नंतर बघता येईल.

"मोलिका," तो म्हणाला, "मावशींना बसायचं असेल. जागा करून दे गं जरा."

मोलिकानं खाली बघितलं आणि गोळी सोडली. जे-हुईनं खुर्ची थोडी सरकवली. गोळी वर भणाणत फिरली, मंद झाली, उड्या मारत खाली आली. ती बसेपर्यंत लमाय त्याच्या हाताकडं बघत राहिली. तो हात खुर्चीच्या पाठीवरच होता.